दाजी, पारा आणि पार्किंगमधला पाऊस

हवामानशास्त्रातला एक मोठा प्रयोग चक्क एका दाजींच्या जिवावर झाला. ब्लेझ पास्कल या फ्रेंच विद्वानाच्या डोक्यात आलं की हवेला वजन असेल, तर जितकं उंच जावं तितकं ते कमी भरायला हवं. इटलीत टोरिचेल्लीने चार-पाच वर्षांपूर्वीच पाऱ्याची नळी वाटीत उलटी उभी करून हवेचा दाब मोजून दाखवला होता. आता ती नळी आणि ती वाटी घेऊन कोणीतरी डोंगर चढायचा, एवढंच काम उरलं होतं. पास्कल प्रकृतीने तोळामासा. त्याने थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला पत्र लिहिलं. फ्लोरँ पेरिए हे दाजी क्लेरमाँला राहत आणि गावाजवळच प्वी द दोम नावाचा जवळजवळ दीड हजार मीटर उंचीचा डोंगर होता. आपल्याकडे दाजी आले की मोठ्या वाटीत श्रीखंड वाढतात. पास्कलने वाटी दिली ती पाऱ्याची. दाजींनीही मानाला साजेसा वेळ घेतला. पत्र १६४७ च्या नोव्हेंबरातलं, चढाई १९ सप्टेंबर १६४८ ची. वर पोचेपर्यंत पारा सुमारे तीन इंच उतरला आणि पास्कल अमर झाला. आज जगभर हवेचा दाब हेक्टोपास्कलमध्ये मोजतात. हेक्टोदाजी असं एकक नाही.

माझा खरा आदर मात्र या गोष्टीतल्या तिसऱ्या माणसाला आहे. निघण्याआधी दाजींनी खाली मठाच्या बागेत दुसरी नळी उभी केली आणि तिथल्या एका पाद्रीबाबांना सांगितलं, दिवसभर इथे बसा आणि पारा हलतो का ते बघा. पारा हलला नाही. बाबांनी संध्याकाळी तसं सांगितलं. दिवसभर काहीही होत नसताना बघत बसायचं आणि संध्याकाळी 'काही झालं नाही' असं खरं खरं सांगायचं, याला विज्ञानात फार किंमत आहे. यातला पहिला भाग जमणारी बरीच मंडळी आमच्या सोसायटीत आहेत.

ही गोष्ट आम्हाला सरांनी सांगितली. सर सी विंगमध्ये राहतात, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेत आणि गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी क्लबहाउसमध्ये मुलांसाठी हवामानाची प्रयोगशाळा काढली. मुलांसाठी हे फक्त नोटिशीवर. प्रत्यक्षात मुलांपेक्षा आईवडील जास्त आणि आईवडिलांपेक्षा आजोबा जास्त. पुण्यात हे व्हायचंच. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं, पुढे ते दिल्लीला गेलं, पण शिवाजीनगरच्या इमारतीला लोक अजून सिमला ऑफिसच म्हणतात आणि त्या चौकातून रोज जा-ये करतात. त्यामुळे खातं आपल्या शेजारीच राहतं आणि त्याच्याबद्दल शेजाऱ्याबद्दल बोलतात तसंच बोलायचं असतं, अशी पुणेकराची समजूत आहे. सरांची अट एकच होती. ज्याला हवामान खात्याबद्दल काही बोलायचं असेल, त्याने आधी स्वतःच्या हाताने एक यंत्र करायचं. काचेचे दोन तापमापक सोडले तर विकतचं काही आणायचं नाही.

पहिलं यंत्र अर्थातच वायुदाबमापक. लोणच्याची रिकामी बरणी, तिच्या तोंडावर ताणून बसवलेला फुग्याचा तुकडा, त्याच्या मधोमध एक टोक चिकटवलेली सरबताची नळी आणि मागे भिंतीला पट्टी. बाहेरचा दाब वाढला की फुगा आत दबतो आणि नळीचं मोकळं टोक वर जातं. दाब उतरला की फुगा फुगतो, टोक खाली येतं, वादळाची शक्यता. शाळेच्या पुस्तकात एवढंच असतं. आमच्या बरणीने पहिल्याच संध्याकाळी वादळाची वर्दी दिली. बाहेर आकाश निरभ्र, पान हलत नव्हतं आणि नळी खाली खाली चाललेली. आजोबा मंडळी खिडक्या लावायला उठली.

वादळ क्लबहाउसमध्येच होतं. पन्नास-साठ माणसं, बंद पंखे (नळी हलू नये म्हणून) आणि चहाचं पातेलं. खोली तापली, बरणीत कोंडलेली हवा प्रसरण पावली, फुगा वर आला. सरांनी फळ्यावर हिशेब मांडला. बरणीतली हवा एका अंशाने तापली, तर बाहेरचा दाब साधारण साडेतीन हेक्टोपास्कलने उतरल्यासारखी नळी हलते. आणि आपल्याकडे एरवी दिवसभरात दाबात होतो तो सगळा चढउतारच तीन-चार हेक्टोपास्कलचा. हे मला नवीन होतं. आपल्या भागात हवेलाही भरती-ओहोटी असते. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास दाब चढतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो, आणि ते इतकं नेमाने होतं की खरा दाबमापक असला तर त्यावर चहाची वेळ लावावी. आमची बरणी मात्र हवेची ओहोटी सांगत होती की माणसांची भरती, हे बरणीलाच ठाऊक. शेवटी तापमान कमी बदलावं म्हणून सरांनी ती तांदळाच्या डब्यात रोवली. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला मात्र ती मुद्दाम बाहेर काढून ठेवावी अशी सूचना आली. तिथे तिचा अंदाज चुकला नसता.

मग आर्द्रता. जिनिव्हाच्या सोस्यूर नावाच्या गृहस्थाने १७८३ साली सिद्ध केलं की दमटपणा मोजायला माणसाच्या केसासारखं साधन नाही. केस दमट हवेत लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. अगदी कोरड्यापासून अगदी दमटपर्यंत फरक जेमतेम अडीच टक्क्यांचा, पण एक टोक खिळ्याला बांधलं, दुसरं पेनच्या रिफिलभोवती गुंडाळून त्याला शर्टाचं बटण लोंबकळत ठेवलं आणि रिफिलला काटा लावला, की तेवढ्यावर काटा झकास फिरतो. प्रश्न केसाचा होता. हजर पुरुषांकडून मदत होण्यासारखी नव्हती. बी विंगच्या काकूंनी आपल्या कमरेपर्यंतच्या वेणीतला एक केस उदार मनाने दिला. यंत्र जुळलं. बाहेर वळवाचा पाऊस पडून गेला, भिंतींना घाम फुटला, मिठाची बरणी पाझरली, पण काटा ढिम्म.

सरांनी भिंग काढून केस पाहिला आणि विचारलं, "काकू, तेल कोणतं?"

"खोबरेल. दुसरं नाही. लहानपणापासून."

सोस्यूरलाही केसातला तेलकटपणा आधी काढून टाकावा लागला होता, पण त्याची गाठ कोकणच्या खोबरेलाशी पडली नव्हती. तो एक केस धुण्याच्या सोड्यात उकळला, हलला नाही. साबणात बुडवला, अडून राहिला. शेवटी काकूंनीच शिकेकाई आणली आणि बशीत घालून त्या केसाला न्हाऊ घातलं, तेव्हा कुठे काटा हलला. काकूंना याचं कौतुक नव्हतं. "माझ्या केसाला कधी हवा लागू दिली नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून तर टिकलेत."

घरी केलेलं यंत्र आधी घरचं सांगतं आणि हवेचं मागाहून, हे या केसाने दाखवलं. मग त्यातलं घर वजा करत बसायचं. अॅना मणी यांच्याबद्दलचा माझा आदर त्या बशीपाशी दुप्पट झाला. सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली काम केलेल्या या केरळच्या बाई १९४८ मध्ये पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या आणि परदेशातून येणारी उपकरणं इथेच तयार व्हावीत म्हणून त्यांनी शंभराच्या आसपास यंत्रांचे आराखडे पक्के करून घेतले. एका केसापायी सोसायटी आठवडाभर अडली होती. त्या बाईंनी देशभरची यंत्रं एकमेकांशी जुळवून घेतली.

तापमापकांसाठी पेटी हवी होती. वेधशाळेत ती पांढरी, झडपांच्या भिंतींची, पायांवर उभी असते. ती बेतली थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहं बांधणाऱ्या स्कॉटिश इंजिनिअरने, म्हणजे 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या वडिलांनी. आमची पेटी कोणाच्या तरी चपलांच्या रॅकमधून तयार झाली. झडपा आयत्याच होत्या. वास काही दिवस राहिला, पण वासाने पारा चढत नाही असं सर म्हणाले. या पेटीचं दार उत्तरेला असावं लागतं, म्हणजे दार उघडून आकडा वाचताना ऊन तापमापकावर पडत नाही. हे ऐकून डी विंगमधले वास्तुतज्ज्ञ उभे राहिले आणि भरल्या गळ्याने म्हणाले की उत्तर ही कुबेराची दिशा, हे पाश्चात्त्यांना पटायला इतकी शतकं लागली. सरांनी वाद घातला नाही. पेटी उत्तरेलाच बसवायची होती आणि ती फुकटात बसत होती. कुबेर आला नाही, पण पारव्यांची जोडी आली. झडपांच्या आडोशाला त्यांनी दोन दिवसांत काड्या आणल्या आणि पेटीतलं तापमान वाढू लागलं. तिथेही आधी घरच.

या पेटीत शेजारी शेजारी दोन तापमापक, त्यातल्या एकाच्या फुग्याला मलमलीची ओली पट्टी. पाणी उडून जाताना उष्णता नेतं, म्हणून ओला तापमापक कमी दाखवतो, आणि हवा जितकी कोरडी तितका दोघांतला फरक मोठा. मुलांना हे समजावताना सर सूत्राकडे वळणार, तोच नागपूरच्या वहिनींनी विषय संपवला. मे महिन्यात नागपूरला पारा पंचेचाळीसवर असताना कूलर लावला की पहाटे चादर ओढावी लागते, आणि तसलाच कूलर त्यांच्या बहिणीने मुंबईला लावला तर घरादाराला नुसता ओलावा सुटला. "तुम्ही हे आता शोधून राहिले," त्या म्हणाल्या, "आमच्या कूलरवाल्याला पहिलेपासून माहीत आहे." सरांनी सांगितलं की वहिनींचं अगदी बरोबर आहे. नागपूरच्या मे महिन्यात हा फरक वीस अंशांवर जातो आणि मुंबईच्या पावसाळ्यात दोन-तीन अंशांवर येतो. सूत्र त्या दिवशी राहूनच गेलं.

बाटलीतला ढग मात्र पहिल्या फटक्यात जमला, कारण त्याला नेमका घरगुती मालच लागतो. प्लॅस्टिकच्या बाटलीत चमचाभर कोमट पाणी घालायचं, झाकण घट्ट लावायचं, बाटली जोरात दाबायची आणि सोडायची. नुसत्या वाफेचा ढग होत नाही. थेंबाला बसायला काहीतरी पाट लागतो, धुळीचा नाहीतर धुराचा कण. काकूंनी आत उदबत्तीचा धूर सोडला. बाटली दाबून सोडल्याबरोबर आत पांढरा ढग. पुन्हा दाबली, गायब. सोडली, हजर. हवा पसरली की थंड होते, दाबली की तापते. सह्याद्री यापेक्षा वेगळं काही करत नाही. समुद्रावरची हवा घाट चढताना पसरते, थंडावते, महाबळेश्वरावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर कोसळते, आणि घाट उतरून पुण्याकडे येताना पुन्हा दाबली जाऊन तापते, ढग विरतात, आपल्या वाट्याला सात-आठशे. पुणेकरांचा पाऊस डोंगराने मधल्या मध्ये लाटला, हे बाटलीत सिद्ध झाल्यावर बऱ्याच जणांना आधीपासून जो संशय होता त्याला आधार मिळाला. "उदबत्तीशिवाय ढग येत नाही" हा निष्कर्ष काकूंनी सगळ्या विंगांमध्ये पोचवला. शास्त्रीयदृष्ट्या त्यात फारसं चूक नाही.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा पर्जन्यमापकाची पाळी आली आणि तिथून पुढे प्रयोगशाळा मुलांच्या हाताबाहेर गेली. आजोबांपैकी एकांचं म्हणणं, बाटल्या कापण्यापेक्षा पंचांग उघडा. प्रत्येक नक्षत्राला वाहन दिलेलं असतं, बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला की पाऊस चांगला. सर म्हणाले, इंग्रजही याच वाटेने गेले होते. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात एका डॉक्टरने बारा बाटल्यांत बारा जळवा ठेवून वादळाचा अंदाज सांगणारं यंत्र मांडलं होतं. वादळाआधी जळवा बाटलीत वर चढत आणि घंटा वाजे. यावर लगेच प्रस्ताव आला की ताम्हिणीला सहल काढली तर जळवा फुकट मिळतील. तो एका मताने फेटाळला गेला. ते मत सेक्रेटरींच्या सौभाग्यवतींचं होतं.

बाटली खांद्याखाली कापली, वरचा तुकडा उलटा बसवून नसराळं केलं, तळाच्या खाचा सिमेंटने भरल्या. आता ठेवायची कुठे? गच्चीवर नको, तिथे वारा थेंब वरच्या वर उडवून नेतो. खाली, आणि जवळच्या अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर. आमच्या इमारती सात मजली. नकाशावर कंपासने वर्तुळं काढली, तर नियमात बसणारी सबंध परिसरात एकच जागा निघाली, कंपाउंडपलीकडच्या रो-हाउसवाल्यांच्या हिरवळीचा मध्य. तूर्त पार्किंगच्या टोकाला, कुंड्यांशेजारी भागवलं. त्याचं फळ म्हणून कडक उन्हाच्या एका दिवशी १४ मिलिमीटरची नोंद झाली. माळ्याने पाइप लांबून धरला होता.

पहिल्या खऱ्या पावसानंतर तंटा लागला. चौथ्या मजल्यावरच्या काकांनी बाल्कनीबाहेर टोप ठेवला होता, त्यात बादलीभर पाणी. सरांच्या बाटलीत बोटभर. म्हणजे बाटली चोर. सरांनी काकांच्याच टोपात आणि शेजारच्या लाडवांच्या डब्यात पट्टी बुडवून दाखवली. बाजू सरळ असतील तर भांडं रुंद असो की अरुंद, उंची तेवढीच भरते, म्हणून पाऊस लिटरात नाही, मिलिमीटरमध्ये सांगतात. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. काका गप्प झाले, पण खजिनदारांच्या डोळ्यांत चमक आली. आमचं आवार चार हजार चौरस मीटरचं. कालचा पाऊस २० मिलिमीटर. म्हणजे ८०,००० लिटर. म्हणजे दहा हजारी आठ टँकर एका रात्रीत गटारात गेले. खजिनदारांनी हा हिशेब तीन वेळा केला आणि मग खुर्चीत बसून राहिले. त्या सबंध उपक्रमात विज्ञानाने एखाद्याला इतकं खोलवर हलवलेलं मी पाहिलं नाही.

बाटली रोज सकाळी साडेआठला वाचायची. हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. साडेआठला सोसायटीत जागेवर असणारा एकच माणूस, वॉचमनदादा. ते लातूरकडचे, पावसाची वाट बघण्याचा अनुभव दांडगा. त्यांच्याकडे दुसरी वही नव्हती, म्हणून नोंद येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या रजिस्टरात. ती पानं मी मुद्दाम पाहिली. नाव: पाऊस. कुठून आले: वरून. कोणाकडे: सर्व. वेळ: ८.३०. शेऱ्याच्या रकान्यात मिलिमीटर. आणि कोरड्या दिवशीही ओळ रिकामी नाही, 'आला नाही' असं लिहून खाली सही. क्लेरमाँच्या पाद्रीबाबांनीही सही केली असेल असं मला वाटत नाही.

या रजिस्टरावरून वहिनी आणि सर यांच्यात मोठा खटका उडाला. जुलैत आठवडाभर पुणेरी भुरभुर चाललेली. कपडे वाळेनात, पापड मऊ, चपलांना बुरशी. रजिस्टरात आकडे २, १, २, १. सरांनी शांतपणे सांगितलं की २.५ मिलिमीटरपेक्षा कमी पडला तर हवामान खातं तो पावसाळी दिवस धरत नाही. "म्हणजे हे सात दिवस पाऊस नव्हता?" वहिनींनी विचारलं आणि ओल्या चादरी आणून सरांच्या दोरीवर टाकल्या.

शेवटचा प्रयोग हवामान बदलाचा. दोन बाटल्या, दोन्हींवर सारखा दिवा, एकीत साधी हवा, दुसरीत खायचा सोडा आणि लिंबू यांतून निघालेला कार्बन डायऑक्साइड. दुसरी जास्त तापली, टाळ्या पडल्या. सर मात्र टाळ्या थांबवून म्हणाले, उत्तर बरोबर आहे, रीत चुकीची आहे. असल्या प्रयोगात वायू तापतो तो मुख्यतः जड असल्यामुळे, तळाशी बसून राहतो, वरच्या हवेत मिसळत नाही. अमेरिकेतल्या काही शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये बाटलीऐवजी खोक्यात आर्गॉन भरून पाहिला, तोही तसाच तापला, आणि आर्गॉन तर उष्णतेचे किरण शोषतच नाही. युनिस फूट या अमेरिकन बाईंनी १८५६ मध्ये काचेच्या नळकांड्यांत वायू भरून उन्हात ठेवले, ती सुरुवात. त्यांचा निबंध सभेत वाचला एका पुरुषाने. किरण नेमके कोण अडवतं याचा चोख पुरावा दिला १८५९ मध्ये जॉन टिंडलने, पितळी नळीच्या दोन्ही टोकांना काचेऐवजी सैंधवाच्या चकत्या बसवून. काच ते किरण अडवते, सैंधव जाऊ देतं. सैंधव म्हटल्यावर काकू सावरून बसल्या. वायुशास्त्राला उपासाचं मीठ चालतं हे त्यांना उदबत्तीइतकंच पटलं.

आता मुख्य प्रश्न लोंबकळत आहे तो बाटलीच्या जागेचा. पार्किंगमधला पाऊस शास्त्रशुद्ध नाही, म्हणून सोसायटीने ठराव करून रो-हाउसवाल्यांना पत्र पाठवलं की आमचा पर्जन्यमापक आपल्या हिरवळीच्या मध्यावर ठेवू द्यावा, वाचायला आमचा माणूस रोज साडेआठला येईल. मागच्या रविवारी त्यांचं उत्तर आलं. बाटली ठेवायला हरकत नाही, मात्र पडलेला पाऊस त्यांच्या हद्दीतला असल्याने त्याची नोंद दोन्ही सोसायट्यांच्या नावे निम्मी निम्मी करावी आणि आमच्या खजिनदारांनी तो टँकरच्या हिशेबात धरू नये. खजिनदारांनी वकिलाचा सल्ला मागवला आहे.